पायल रंगारीचे सत्तावीस गोल

नागपूरच्या धंतोलीतल्या एका हाडांच्या दवाखान्यात पायल रंगारी नऊ वर्षांपासून लोकांना पुन्हा चालायला शिकवते. ऑपरेशन होतं, डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळतात आणि मग पायलचं काम सुरू होतं. यवतमाळ, गोंदिया, पांढरकवडा, कुठून कुठून आलेली माणसं पहिल्यांदा वॉकर धरून उभी राहतात तेव्हा भीतीनं त्यांची नजर स्वतःच्याच पायांवर खिळलेली असते. पायल त्यांच्या पाठीशी, अंगाला न लावता, एक हात धरते आणि म्हणते, "पायाकडं नका पाहू. समोर खिडकीकडं पाहा. पाय येते आपोआप."

वय छत्तीस. उंच, काटक, चालणं भरभर. दवाखान्यातल्या मंडळींना एवढंच ठाऊक होतं की मॅडम पूर्वी काहीतरी खेळायच्या. काय, किती, कुठं, ते कोणी खोदून विचारलं नव्हतं आणि तिनंही सांगितलं नव्हतं. सांगायला बसलं की सत्तावीस गोलांचं सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं की मग गोव्याचंही सांगावं लागलं असतं.

पायल इंदोऱ्यात वाढली. वडील धम्मानंद महापालिकेत पाण्याचे व्हॉल्व्ह सोडायच्या कामावर होते. व्हॉल्व्हची लांबलचक लोखंडी किल्ली सायकलच्या दांडीला बांधून ते पहाटे निघायचे आणि परतताना शाळेमागच्या मुरमाड मैदानाशी दहा मिनिटं थांबायचे. तिथं शोभाताईंच्या पोरी फुटबॉल खेळत असायच्या. त्यातली एक आपली, हे ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाला सांगायचे नाहीत. पण निघताना घंटी वाजवून जायचे.

शोभाताई शाळेत पी.टी. शिकवायच्या. मूळच्या त्या खो-खोच्या, विद्यापीठाकडून खेळलेल्या. मुलींचा फुटबॉल संघ काढा असं वरून फर्मान आलं तेव्हा ऑफसाइड म्हणजे काय, हेही त्यांना माहीत नव्हतं. नियमांचं पुस्तक आणून त्यांनी ते चार दिवसांत पाठ केलं. पण डोकं चालायचं ते खो-खोनंच. खो-खोत पाठलाग करणारीचा खांदा एकदा एका बाजूला वळला की तिनं दिशा घेतली. मग तिला मागे फिरता येत नाही. शोभाताई पोरींना मैदानावर गोल बसवून म्हणायच्या, "फुटबॉलमध्ये मागं फिरता येते. पण फिरायला वेळ लागते. तेवढा वेळ आपला."

त्या तेवढ्या वेळावर त्यांनी शाळेतल्या, कॉलेजातल्या पोरी घेऊन अख्खा संघ बसवला. मधल्या फळीत नंदिनी ढोबळे. ती आर्वीकडच्या शेतकरी घरातली, कॉलेजसाठी नागपूरला मामाकडे राहायची. पुढे उजव्या बाजूला मिनल शेंडे, बारीक चणीची, दिवसभरात चार वाक्यं बोलली तरी पुष्कळ. आणि सगळ्यांत पुढे, नऊ नंबरची, पायल. नंदिनीकडे बॉल आला की मिनल गोलसमोरून आडवी धावत सुटायची आणि पायलनं सरळ गोलकडे पळायचं. बस्स. पायलला दुसरं काही करावंच लागायचं नाही. पोहोचायचं. बॉल तिथं असायचा.

तो तिथं कसा असायचा, याचा पायलनं त्या वयात कधी विचार केला नाही. नंदिनी आणि आपण यांच्यात काहीतरी आहे, एवढं तिला कळायचं. आपण अजून निघालोही नसतो आणि नंदिनीला कळलेलं असतं. शाळेत, घरात, बाजारात एवढं ओळखणारं कोणी नव्हतं. मिनल धावते, हेही तिला माहीत होतं; पण ते मैदानाच्या कडेला कडुनिंब आहे हे माहीत असतं, तसं.

२००९च्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या लीगमध्ये पायलनं बारा सामन्यांत सत्तावीस गोल केले. एका दैनिकाच्या स्थानिक पानावर तिचा फोटो आला. केस मागे बांधलेले, तोंड अर्धवट उघडं, पाय हवेत. धम्मानंदांनी तो कागद लॅमिनेट करून घेतला. आणि पुढच्या जूनमध्ये गोव्याच्या एका क्लबकडून बोलावणं आलं. राहणं, खाणं, मानधन, सगळं त्यांचं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी शोभाताई घरी आल्या. चहाचा कप हातात घेतला. मग म्हणाल्या, "तिथं गेली का पहिले पाहा, तुझ्यासाठी कोण धावते."

"तिथं सगळ्या नॅशनल खेळलेल्या आहेत ताई," पायल म्हणाली.

"हो ना. म्हणूनच म्हटलं," शोभाताई म्हणाल्या आणि कप खाली ठेवला.

गोव्यात मैदान हिरवंगार होतं. पडलं तरी गुडघा सोलायचा नाही. बूट नवे, जर्सी नवी, सकाळी अंडी. पण त्या संघाची रीत वेगळी होती. पुढे एकटीच खेळाडू. तिनं गोलकडे पाठ करून उभं राहायचं, मागून उंच आलेला बॉल छातीवर घ्यायचा, दोन धिप्पाड मुली पाठीत कोपरं खुपसत असताना तो दाबून धरायचा आणि बाकीच्या येईपर्यंत थांबायचं. पायलला थांबणं येत नव्हतं. ती जन्मात कधी बॉलसाठी थांबली नव्हती. पहिल्या आठवड्यात तिनं प्रशिक्षकांना तिच्या नागपुरी हिंदीत विचारलं, "सर, मैं दौडूँ क्या?"

ते माणूस म्हणून चांगले होते. त्यांनी खरंच मैदानाकडे पाहिलं आणि मग म्हणाले, "दौड़ोगी किधर? जगह कहाँ है?"

जागा नव्हतीच. पायलनं मान वर करून पाहिलं तेव्हा तिलाही ते दिसलं. नागपुरात तिच्यासमोर नेहमी एक दार उघडं असायचं. इथं भिंत होती. नागपूरची भिंत कमी जाडीची असेल म्हणून दार दिसत असेल, असं तिनं मनाला सांगितलं आणि व्यायाम वाढवला. अकरा सामन्यांत एक गोल झाला, तोही कोणाच्या तरी नडगीला लागून आलेला बॉल तिच्या गुडघ्यावर आदळला म्हणून. पाचव्या सामन्यानंतर तर ती बहुतेक वेळ बाकावरच असायची.

जानेवारीच्या शेवटी नंदिनीचा फोन आला. लग्न ठरलं होतं. मुलगा त्यांच्याच भागातला, घरची वीस एकर शेती. तारीख फेब्रुवारीतली. "येशील ना वं?" नंदिनीनं विचारलं. त्याच दिवशी क्लबचा सामना होता. पायल म्हणाली, मॅच आहे, कसं जमन. त्या सामन्यात ती नव्वद मिनिटं बाकावर होती. वॉर्म-अपलासुद्धा कोणी उठवलं नाही. तिकडे आर्वीकडे मांडवात अक्षता पडत असतील, त्या वेळी ती मांडीवर टॉवेल घेऊन हिरव्या गवताकडे पाहत होती.

मार्चमध्ये ती परत आली. स्टेशनवर धम्मानंद न्यायला आले होते. "काहून आली वापस?" असं त्यांनी विचारलं नाही, वस्तीनं विचारलं. पण तिला खरं लागलं ते दुसरंच. ती नसताना शोभाताईंनी कामठीची एक नवीन मुलगी नऊ नंबरवर उभी केली होती. तिला धड डोक्यानं बॉल मारता येत नव्हता. तिनं त्या मोसमात एकोणीस गोल केले होते.

पायलनं तो आकडा कोणाजवळही काढला नाही. पण जो कागद धम्मानंदांनी भिंतीवर लावला होता तो तिनं एका दुपारी काढला आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. त्यांना तो दिसेनासा झालेला कळला. खिळा मात्र त्यांनी तसाच राहू दिला.

पुढच्या वर्षी शोभाताई निवृत्त झाल्या आणि भावाकडे अमरावतीला गेल्या. चार वर्षांनी तिथंच वारल्या. पायलला ते दोन महिन्यांनी समजलं. संघ असाच विरला. एकीचं लग्न, दुसरीची नोकरी, तिसरीच्या घरच्यांनी पुरे म्हटलेलं. पायलनं फिजिओथेरपीतला छोटा अभ्यासक्रम केला, धम्मदीप नावाच्या समजूतदार माणसाशी लग्न केलं, मुलगी झाली. मुलीला चित्रांचा नाद आहे, खेळाचा मुळीच नाही. पायलला त्याचं बरंच वाटतं.

सगळं ठीक होतं. फक्त कधीतरी गांधीबागेच्या बाजारात, कापडाच्या गठ्ठ्यांमधून, हमालांमधून वाट काढताना समोर एकदम फट पडायची आणि तिचा पाय आपणहून जोरात पडायचा. दोन पावलं. मग ती थांबायची. टाळ्या, फोटो, यांतलं तिला काही आठवायचं नाही. आठवायचा तो बॉल, डाव्या खांद्यावरून येऊन पुढ्यात अलगद उतरणारा. आपण न मागता आलेला. एवढ्या वर्षांत नवऱ्यानं, आईबापानं, कोणी काही कमी केलं नव्हतं. पण न मागता, बरोबर वेळेला, बरोबर जागी, असं पुन्हा काही आलं नव्हतं. तिला वाटायचं, ते नंदिनीबरोबर गेलं.

मागच्या वर्षी जानेवारीत तिसऱ्या मजल्यावर एक नवीन पेशंट आली. मनकर्णाबाई, वय अडुसष्ट, अंगणात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशनला दोन दिवस झाले होते. पायल वॉकर घेऊन खोलीत शिरली तेव्हा सून खिडकीशी पाठमोरी उभी होती. डोक्यावर पदर, अंगानं भरलेली, हातात चहाचा कागदी कप. कुणीतरी आल्याची चाहूल लागताच तिनं वळण्यापूर्वी झटकन आधी उजव्या खांद्यावरून, मग डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं. आणि मग वळली.

तसं वळणारी पायलनं आयुष्यात एकच पाहिली होती. बॉल पायाशी यायच्या आधी दोन्हीकडे पाहून घेणारी.

"नंदे?" ती म्हणाली.

नंदिनीच्या हातातला कप कलला. "अवं माय," एवढंच ती म्हणाली. मग दोघी वॉकरच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या, कारण मध्ये वॉकर होता आणि तो बाजूला करायचं दोघींनाही सुचलं नाही.

नऊ दिवस नंदिनी नागपुरात राहिली. रोज दुपारी सासूचा डोळा लागला की दोघी खाली दवाखान्याच्या गल्लीत चहाच्या टपरीपाशी जायच्या. औषधांची दुकानं, रिपोर्ट घेऊन धावणारे नातेवाईक, दुचाक्यांची दाटी. त्यात भिंतीला टेकून उभ्या. पहिले दोन दिवस मुलं, शेत, भाव, जावा यांचं झालं. तिसऱ्या दिवशी पायलनं विचारलं.

"नंदे, एक सांग. तुले कसं समजायचं, मी कुठं पोहोचणार ते?"

नंदिनी हसली. मग पायलचं तोंड पाहून तिचं हसू गेलं. "खरं सांगू? राग नको मानू."

"नाही मानत."

"मी तुले पाहतच नव्हती वं."

"म्हणजे?"

"मी मिनलले पाहायची. मिनल धावली का त्यांच्यातली एक तरी तिच्यामागं खांदा वळवायचीच. जिचा खांदा वळला तिच्या पाठीमागं मी डोळे मिटून बॉल टाकून द्यायची. तिथं तू असणार, हे शोभाताईंनी सांगून ठेवलं होतं. मी कधी पाहिलं नाही. तेवढा वेळच नसायचा."

रस्त्यानं एक अँब्युलन्स आली. सगळ्यांनी अंग चोरून वाट दिली. ती गेल्यावर पायलनं चहा संपवला. गार झाला होता. चौदा वर्षं तिला वाटत आलं होतं की जगात एका माणसाची नजर आपल्यावर होती. ती नजर दुसरीवर होती. आणि त्या दुसरीचा चेहरा तिला आता नीट आठवतही नव्हता.

"मिनल कुठं राहते?" तिनं विचारलं.

"मले काय माहीत. तू नागपुरात राहते का मी?"

इंदोऱ्यातल्या जुन्या शेजारणीकडून पत्ता मिळाला. हुडकेश्वरला मुख्य रस्त्यापासून आत, नवीन फ्लॅट स्कीमच्या समोर, मिनलनं झाडांची नर्सरी टाकली होती. हिरव्या जाळीखाली कुंड्यांच्या रांगा, एका बाजूला शेणखताची पोती. पायल रविवारी सकाळी स्कुटीनं पोहोचली. मिनल पाइप धरून गुलाबांना पाणी घालत होती. तशीच बारीक, केस मात्र पुढून पांढरे झालेले. तिनं पायलला लगेच ओळखलं. पाणी बंद केलं, प्लास्टिकची खुर्ची पुसून दिली आणि स्वतः उलट्या कुंडीवर बसली.

"तू तं बाहेर गेली होती ना खेळाले?" तिनं विचारलं.

"चौदा वर्षं झाली त्याले."

"हो का." मिनलनं मान हलवली. "मी मग काही पाहिलं नाही फुटबॉलचं."

इकडचं तिकडचं बोलणं पाच मिनिटांत संपलं. मिनल अजूनही तितकीच बोलायची. शेवटी पायलनं नंदिनीनं सांगितलेलं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मिनल, मी तुले कधी एक पास नाही दिला."

"दिला होता," मिनल म्हणाली. "काटोलच्या टीमसंग मॅच होती त्या दिवशी. मी ऑफसाइड होती."

पायलला हसावं की काय ते कळेना. "तुले वाईट नाही वाटायचं? सगळी पळापळ तुझी, आन् फोटो माझा."

मिनलनं गुलाबाचं एक पिवळं पान खुडलं. बराच वेळ तिनं ते बोटात फिरवलं.

"शोभाताईंनी मले पहिल्याच दिवशी विचारलं होतं. एकटीले बोलावून. म्हणे, मिनल, तुझ्याकडं बॉल येणार नाही. तरी धावशील का? मी हो म्हटलं."

"काहून?"

"आम्ही सहा बहिणी ना. मी चौथी. घरी मी दिवसभर कुठं होती, हे संध्याकाळी कोणाले माहीत नसे. पण मैदानावर मी धावली का दोन दोन दांडग्या पोऱ्या माझ्यामागं धावायच्या. जीव तोडून धावायच्या वं. मी कुठं चालली याची त्यांना भीती वाटायची." तिनं पान मातीत टाकलं. "तसं पुन्हा कोणी धावलं नाही माझ्यामागं."

जाळीवर वाऱ्यानं फडफड झाली. रस्त्यापलीकडे सिमेंटचा ट्रक मागे येत होता, त्याची पिपाणी वाजत राहिली. 

"आठवते तुले ते?" पायलनं हळूच विचारलं.

"रोज," मिनल म्हणाली.

मग जरा वेळानं तिनं आपणहून विषय काढला. "ती कामठीची होती ना, तुझ्यानंतर आली ती. तिनं एकोणीस केले."

"माहीत आहे मले."

"सत्तावीस नाही केले. मी तेवढीच धावायची, नंदिनी तिथंच बॉल टाकायची. ती पोहोचायची नाही. आठ वेळा तरी मी मागं वळून पाहिलं असन, बॉल एकटाच चालला आहे."

 हे पायलला कोणीतरी चौदा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं, असं तिला वाटलं. आणि तेव्हा सांगितलं असतं तर आपण मिनलकडे न पाहता पुन्हा स्वतःकडेच पाहिलं असतं, असंही वाटलं. सत्तावीसातून एकोणीस गेले, आठ उरले. आठ आपले असतील. की तेही नसतील, त्या वर्षी समोरच्या टीमच कच्च्या असतील. हिशोब काही लागेना. तिनं तो सोडून दिला आणि मिनलला म्हणाली, "नंदिनी बुधवारी चालली. येतेस का भेटाले?"

मिनल मंगळवारी दुपारी आली. धुतलेला पंजाबी ड्रेस, हातात काळ्या पिशवीत जाईचं रोप. नंदिनीनं तिला मिठीच मारली, रोपासकट. मनकर्णाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी तिघींकडे आळीपाळीनं पाहिलं.

"ह्या कोन व्हय, सूनबाई?"

नंदिनी जराशी अडखळली. "मैत्रिणी आहेत आई. आम्ही संग खेळायचो."

"काय खेळत होत्या?"

"फुटबॉल."

म्हातारी तिच्याकडे बघतच राहिली. "तू? फुटबॉल?" मग पायलकडे वळून, जणू ती साक्षीदारच, "चौदा वर्सं झाली घरात येऊन. मले नाही सांगितलं हिनं कधी."

"कोणी विचारलं नाही ना आई," नंदिनी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. 

"मंग आता विचारून राहिली ना मी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "कसं खेळत होत्या ते सांग."

नंदिनीनं खाटेवरचं जेवणाचं टेबल पुढे ओढलं. पाण्याच्या दोन बाटल्या म्हणजे गोल. गोळ्यांची दोन पाकिटं उभी केली, त्या समोरच्या टीमच्या पोरी. चमचा म्हणजे पायल, चष्म्याचं घर म्हणजे मिनल, स्वतः ती वाटी. बॉल एक संत्र्याची बी. बोलता बोलता तिचा पदर डोक्यावरून खाली आला, तो तिनं पुन्हा घेतला नाही. "आता पाहा आई. बॉल माझ्याकडं आला. मिनल धावली, इकडून अशी आडवी. हे पाकीट तिच्यामागं गेलं. गेलं ना? आता इथं जागा झाली. मी बॉल इथं टाकला. पायल आली. गोल."

बी दोन बाटल्यांच्या मधून जाऊन चादरीवर पडली.

"अजून एक डाव दाखव," मनकर्णाबाई म्हणाल्या.

नंदिनीनं पुन्हा दाखवलं. म्हातारीनं या वेळी चष्मा लावून पाहिलं. मग बोट चष्म्याच्या घरावर ठेवलं. "अन् हिच्याकडं काहून देत नाही? ही तं बिचारी धावूनच राहिली."

मिनल हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग तसंच, मोकळं. पायलनं तिला हसताना कधी ऐकलंच नव्हतं. तिचं हसू जाड्या आवाजाचं होतं. नंदिनीही हसली, आणि शेजारच्या खाटेवरची बाई काय झालं म्हणून विचारू लागली. पायल हसत होती, पण तिला एकदम रडू आल्यासारखं झालं म्हणून ती बाटल्या उचलून ठेवण्याच्या निमित्तानं खाली वाकली.

बुधवारी गावाहून गाडी आली. नंदिनीचा नवरा रमेश, उंच, लाजरा माणूस, आईला दोन्ही हातांवर घेऊन मागच्या सीटवर बसवताना पायलला सारखा "मॅडम, मॅडम" म्हणत होता. नंदिनीनं जाईचं रोप मांडीवर घेतलं. "दिवाळीत या दोघी," ती म्हणाली. गल्लीत मागे तीन गाड्या हॉर्न देत होत्या. नीट निरोपही झाला नाही.

दिवाळीत जाणं जमलं नाही. पायलची ड्यूटी होती, मिनलला त्या दिवसांत शेवंती आणि झेंडूची गडबड. संक्रांतीला जाऊ म्हणाल्या, तेही राहिलं. आता उन्हाळ्याच्या सुट्ट्यांचं बोलणं चाललं आहे.

फोन मात्र होतात. परवा दुपारी जेवणाच्या सुटीत नंदिनीचा आला. मनकर्णाबाई वॉकर सोडून काठीवर आल्या होत्या आणि सून फुटबॉल खेळायची हे त्यांनी अर्ध्या गावाला सांगून टाकलं होतं. "बाया येऊन विचारतात वं मले, खरं का म्हणून," नंदिनी सांगत होती. "मी काय सांगू त्यांना..." आणि आवाज तुटायला लागला.

"नंदे, ऐकू नाही येऊन राहिलं."

"थांब, वावरात आहे. बांधावर जाते, तिथं रेंज राहते. ठेवू नको."

पायलनं फोन कानाशी धरून ठेवला. पलीकडून तुरीच्या वाळलेल्या फांद्यांची खसखस येत होती, आणि नंदिनीचा श्वास. ती चालत नव्हती, धावत होती. जिन्याजवळ कोणीतरी पायलला हाक मारली. तिनं हातानंच थांबा म्हटलं आणि खिडकीकडे तोंड करून ते धावणं ऐकत राहिली.